नेम धरताना

कॉम्प्युटरवर विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवण्याचे जे प्रकार हल्ली मिळतात त्यांना 'गेम' म्हटलेलं आमच्या नातवाला खपत नाही. "आजोबा, सिम्युलेटर म्हणा," असं त्याने मला बजावून ठेवलं आहे. त्याचं बरोबरच आहे म्हणा. त्याच्याकडचं 'डीसीएस' नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की रशियन एमआय-८ हेलिकॉप्टरची अख्खी केबिन समोर येते. नुसतं इंजिन सुरू करायचं तरी इतकी बटणं क्रमाने दाबावी लागतात की बघणाऱ्याचा चहा गार व्हावा. मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. यंत्रांशी माझा संबंध सायकल आणि शाळेतलं सायक्लोस्टाइलचं मशीन एवढाच. तरी सुट्टीत तो आला की त्याच्या मागे खुर्ची टाकून मी बसतो, त्याला कारण एकच. त्या हेलिकॉप्टरमधून रॉकेटं मारताना नेम कसा धरतात, हे बघण्यात मी चांगलाच गुंतलो.

मंडळी, तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं? समोर काचेवर फुली दिसते, ती टेकडीवरच्या ट्रकवर आणायची आणि बटण दाबायचं. नातवानेही तेच केलं. पहिली रॉकेटं ट्रकच्या अलीकडे पडली, दुसरी टेकडीवरून पलीकडच्या दरीत गेली. तिसरी तर कुठे गेली ते दिसलंच नाही. कारण या हेलिकॉप्टरात गणित करून देणारा कॉम्प्युटर नाही. वैमानिकासमोर एक तिरपी काच आहे, तिच्यावर उजळ रेषांची फुली उमटते. ती किती खाली उतरवायची हे एका चाकाने हाताने ठरवायचं. त्याचं माप असतं 'मिल'. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. म्हणजे दीड किलोमीटरवरून दहा मिल चुकलं तर रॉकेट पंधरा मीटर बाजूला. शाळेचं पटांगणच ते!

आणि मुळात रॉकेटचा वेगळा नेम धरताच येत नाही. ती भरलेली नळकांडी हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना पक्की बसवलेली असतात. ती वळत नाहीत, वाकत नाहीत. नेम धरायचा तो आख्ख्या हेलिकॉप्टरने. गंमत अशी की हेलिकॉप्टरचं नाक एका दिशेला आणि त्याचं जाणं दुसऱ्या दिशेला, असं सर्रास होत असतं. वेग वाढवला की नाक खाली जातं, वेग कमी केला की वर येतं. म्हणजे वेग बदलला की नेमही बदलला.

वाऱ्याची भानगड समजायला मला दिवाळी उपयोगी पडली. बाटलीत उभा केलेला बाण आपण सगळ्यांनी उडवलाय. जोराचा वारा असला की तो वाऱ्याबरोबर वाहून जात नाही, उलट वाऱ्याच्या तोंडाकडे वाकतो. शेपटीची काडी वारा मागे ढकलतो, त्यामुळे तोंड वाऱ्याकडे वळतं. हेलिकॉप्टरच्या रॉकेटचंही तसंच. त्याच्या शेपटीला काडीऐवजी घडीचे पंख असतात, ते नळीबाहेर पडल्यावर उघडतात. हेलिकॉप्टर जरा जरी उजवीकडे सरकत असलं तर वारा उजवीकडून येतो आणि रॉकेट उजवीकडे तोंड फिरवतं. वरच्या मोठ्या पंख्याचा खाली येणारा झोतही असतोच. तो शेपटी खाली दाबतो, की तोंड वर! म्हणून वैमानिकाची अर्धी नजर फुलीवर आणि अर्धी एका छोट्या वाकड्या काचनळीतल्या गोळीवर. गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी ती गोळी बरोबर मध्ये असेल तरच हेलिकॉप्टर आडवं घसरत नाहीये असं समजायचं.

म्हणजे ठरलेला वेग, ठरलेलं अंतर, गोळी मध्ये, हात स्थिर, आणि हे सगळं एका वेळी जमलं की बटण. नातवाने कागदावर आकडे मांडून ठेवले होते: इतक्या वेगाला इतके मिल. आठवडाभराने त्याची रॉकेटं ट्रकच्या आसपास पडायला लागली. आसपासच. कारण पंचवीस-तीस रॉकेटं एकदम सोडली तरी ती एका जागी पडत नाहीत, मूठभर ज्वारी फेकावी तशी पसरतात.

मग इतकं बेभरवशाचं शस्त्र लोकांनी वापरलं कशाला? इतिहासाच्या मास्तराला हा प्रश्न पडणारच. हैदर-टिपूच्या म्हैसूरच्या रॉकेटांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १७८० ची पोल्लिलूरची लढाई आणि पुढे इंग्लंडमध्ये काँग्रीव्हने केलेली रॉकेटं वगैरे. ती मी इथे उगाळत नाही. पण उत्तर तेव्हापासून एकच आहे. रॉकेट हलकं असतं आणि तोफेसारखा मागे धक्का देत नाही. हेलिकॉप्टरसारख्या नाजूक प्राण्याला हे फार सोयीचं. रशियन एस-५ हे ५७ मिलिमीटरचं रॉकेट जेमतेम चार-पाच किलोचं. एका नळकांड्यात ३२ मावतात.

अमेरिकनांचं ७० मिलिमीटरचं रॉकेट तर हेलिकॉप्टरसाठी जन्मलंच नव्हतं. 'मायटी माउस' नावाने ते आलं ते शत्रूची बॉम्बफेकी विमानं पाडायला. त्याची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ ऑगस्ट १९५६ रोजी कॅलिफोर्नियात नौदलाने सरावासाठी सोडलेलं बिनमाणसाचं हेलकॅट विमान ताब्याबाहेर गेलं आणि लॉस एंजेलिसच्या दिशेने निघालं. ते पाडायला हवाई दलाची दोन एफ-८९ जेट विमानं धावली. त्यांच्यात नेम धरणारी स्वयंचलित यंत्रणा होती, तिने ऐनवेळी दगा दिला. मग हाताने मारावं म्हटलं, तर स्वयंचलित यंत्रणा आली म्हणून साधी नेमकाच काढून टाकलेली! दोघांनी मिळून २०८ रॉकेटं सोडली. एकानेही ते पडलं नाही. इंधन संपल्यावर ते हेलकॅट पामडेलजवळच्या वाळवंटात आपलं आपण पडलं. रॉकेटांनी मात्र रानाला आगी लावल्या, त्या विझवायला दोन दिवस लागले. माणूस कोणी दगावलं नाही हे नशीब.

त्याच वर्षी अलाबामातल्या फोर्ट रकर इथे कर्नल जे व्हँडरपूल या अधिकाऱ्याने हेलिकॉप्टरांना रॉकेटं आणि बंदुका बांधून प्रयोग सुरू केले. पुढे व्हिएतनाममध्ये ह्युई हेलिकॉप्टरवर हीच रॉकेटं चढली. तिथले कित्येक वैमानिक समोरच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने एक फुली काढून ठेवत. खुर्चीची उंची ठरलेली, बसण्याची ढब ठरलेली, आणि आपली रॉकेटं कुठे पडतात हे बघून फुली पुसायची, पुन्हा काढायची. मला हे फार आवडलं. पाटी-पेन्सिलच की ती! म्हणजे नातू कागदावर जे आकडे मांडत होता, त्याची परंपरा चांगली जुनी आहे.

आता जरा गंभीर गोष्ट. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. दोन किलोमीटरवर नाक निशाणावर आणलं आणि एक किलोमीटरवर रॉकेटं सोडून वळायचं ठरवलं, तर मध्ये वीस सेकंद जातात. हे वीस सेकंद हेलिकॉप्टर सरळ रेषेत, एका वेगाने, जराही न हलता जात असतं. तसं गेलं नाही तर नेमच नाही. आणि खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्राला, म्हणजे स्टिंगर वगैरेंना, चार किलोमीटरही जवळच वाटतं. ते इंजिनाच्या उष्णतेमागे धावतं, त्याला मिल लागत नाहीत आणि गोळीही लागत नाही. सिम्युलेटरमध्ये शत्रूकडची क्षेपणास्त्रं काढून टाकायची सोय आहे. नातू सराव करतो तेव्हा ती काढूनच.

यावर उपाय शोधले गेलेच. अमेरिकनांनी जुन्याच ७० मिलिमीटरच्या रॉकेटला लेसरच्या ठिपक्यामागे जाणारा एक तुकडा जोडला, तो २०१२ मध्ये अफगाणिस्तानात वापरात आला. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी नेमच सोडून दिला. युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून दोन्ही बाजूंची हेलिकॉप्टरं झाडांच्या शेंड्यांवरून येतात, एकदम नाक वर करून रॉकेटं आभाळात उधळतात आणि गिरकी घेऊन माघारी पळतात. रॉकेटं काही किलोमीटरवर पडतात, कुठेतरी. अंदाजपंचे दाहोदरसे. पण माणसं परत येण्याची शक्यता वाढते.

डोंगराच्या धारेवर दगड रचून बसलेल्या शत्रूवर हा उपाय चालत नाही, आणि खालच्या उतारावर आपलेच जवान असतील तर मुळीच नाही. कारगिलला १९९९ च्या मे महिन्यात हेच होतं. तेव्हा लष्करप्रमुख होते जनरल वेदप्रकाश मलिक आणि हवाई दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. लष्कराला सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. टिपणीसांचं म्हणणं, इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर सोपं सावज होईल, लढाऊ विमानं पाठवायची तर सरकारची परवानगी घ्या. खास हल्ल्यासाठी बनलेली एमआय-२५ आणि एमआय-३५ त्या उंचीवर काम करू शकत नव्हती. मागाहून दोघांनीही आपापली बाजू लिहून ठेवली आहे. दोन्ही वाचल्यावर माझं मत टिपणीसांच्या बाजूला झुकतं. पण रोज उतारावर आपली माणसं पडताना बघणाऱ्या लष्कराला हेलिकॉप्टरची आस का लागली, तेही कळतं.

परवानगी २५ मे रोजी मिळाली आणि २६ मे रोजी 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू झालं. लढाऊ विमानांबरोबर एमआय-१७ हेलिकॉप्टरंही रॉकेटं घेऊन निघाली. एमआय-१७ म्हणजे नातवाच्या पडद्यावरच्या हेलिकॉप्टरचंच भावंड. मुळात माणसं आणि सामान वाहणारं, त्याला ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांची नळकांडी लावलेली. पंधरा-सोळा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच दाट. रॉकेटला अडवणारी हवा कमी, म्हणून ते नेहमीच्या हिशेबापेक्षा लांब जातं. पण हेलिकॉप्टरला उचलून धरणारी हवाही तितकीच कमी, म्हणून चटकन वळून निसटायला ताकद उरत नाही. आणि शत्रू कुठे, तर खाली दरीत नाही, हेलिकॉप्टरच्याच उंचीवर, समोर.

२७ मे रोजी आपली दोन लढाऊ विमानं गेली. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत पकडले गेले, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, एमआय-१७ हेलिकॉप्टरांची तुकडी द्रासजवळच्या तोलोलिंगवर गेली. त्यातल्या एका हेलिकॉप्टरला क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या जळत्या फ्लेअर सोडण्याची सोय नव्हती. तेच स्टिंगरने टिपलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, आणि सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद व आर. के. साहू. चौघेही गेले.

ती बातमी मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी बसून पेपरात वाचली होती. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांनी जवानांसाठी वर्गावर्गातून डबे फिरवले, तेव्हा फळ्यावर जी नावं लिहिली त्यांत ही चार होती. 'हेलिकॉप्टर पाडले' हे दोन शब्द तेव्हा सगळ्यांनाच पुरेसे होते. नातवामागे बसून तो फुली, वेग आणि गोळी यांचा मेळ घालतो ते पाहिल्यावर त्या दोन शब्दांआधीचे वीस सेकंद मला मोजता आले. समोरून काय येऊ शकतं हे आदल्या दिवशीच कळलेलं. तरी हात स्थिर ठेवायचा, कारण खाली उतारावर आपली माणसं आहेत.

त्या दिवसानंतर हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामावरून काढून घेतलं. पुढची कामगिरी मिराज २००० विमानांनी उंचावरून केली. टायगर हिलवर २४ जूनला लेसरच्या साहाय्याने जाणारे बॉम्ब पडले. तोलोलिंग मात्र त्याआधीच, १३ जूनला, २ राजपुताना रायफल्सच्या जवानांनी तो उतार पायांनी चढून घेतलं. आणि हेलिकॉप्टरं आपल्या मूळ कामाला लागली, वर सामान पोचवायचं आणि येताना जखमींना खाली आणायचं.