अमेरिकेतील रेशीम उद्योग आणि त्याचा संग्रहालयीन वारसा

अमेरिकेतील रेशीम उद्योग हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भरभराटीस आलेला वस्त्रोद्योग होय. न्यू जर्सीतील पॅटर्सन, कनेटिकटमधील मँचेस्टर आणि पेनसिल्व्हेनियातील अनेक गावे ही त्याची मुख्य केंद्रे होती. या उद्योगाचे वैशिष्ट्य असे की, त्याला लागणारे कच्चे रेशीम अमेरिकेत जवळजवळ पिकतच नसे. ते प्रामुख्याने जपान व चीन या देशांतून येत असे. आज हा उद्योग जवळपास लोपला असून कापडाचे नमुने, फिती, यंत्रे व गिरण्यांच्या इमारती यांच्या रूपाने तो संग्रहालयांत जतन झाला आहे.

रेशीमशेतीचे प्रयत्न

रेशीमकिडे पाळून कोष तयार करण्याचे प्रयत्न वसाहतकाळातच सुरू झाले. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनियातील वसाहतवाल्यांना तुतीची लागवड करण्यास उत्तेजन दिले होते. पुढे जॉर्जिया वसाहतीतही असे प्रयत्न झाले. कनेटिकटमधील मॅन्सफिल्ड येथे शेतकरी कुटुंबे घरोघरी किडे पाळीत. तेथेच हँक्स कुटुंबाने १८१० साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी एक छोटी रेशीम गिरणी उभारली. ही इमारत पुढे मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात हलवण्यात आली.

१८३० च्या दशकात ‘मोरस मल्टिकॉलिस’ या झपाट्याने वाढणाऱ्या तुतीच्या रोपांवर मोठी सट्टेबाजी झाली. रेशमापेक्षा रोपांचीच खरेदी-विक्री अधिक होऊ लागली. १८३९ साली हा बाजार कोसळला आणि अनेक लागवडदार बुडाले. कोषांतून धागा काढण्याचे काम फार वेळखाऊ व हातकष्टाचे असल्याने, मजुरी महाग असलेल्या अमेरिकेत ते परवडणे कठीण होते. त्यामुळे कच्चे रेशीम आयात करून यंत्रांवर कापड विणणे, हाच मार्ग उद्योगासमोर उरला.

मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे १८४२ साली स्थापन झालेल्या सहकारी वसाहतीने रेशमाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. गुलामगिरीचे विरोधक असलेल्या तिच्या सभासदांना गुलामांच्या श्रमातून पिकणाऱ्या कापसाऐवजी रेशमावर उपजीविका करावयाची होती. गुलामीतून मुक्त झालेल्या वक्त्या सोजर्नर ट्रूथ काही काळ या वसाहतीत राहत होत्या. ही वसाहत १८४६ साली विसर्जित झाली, परंतु तेथील रेशीम व्यवसाय पुढे चालू राहिला व शिवणयंत्रासाठी लागणाऱ्या पीळदार रेशमी दोऱ्यासाठी प्रसिद्ध झाला.

उद्योगाचा विस्तार

चेनी बंधूंनी १८३८ साली कनेटिकटमधील साउथ मँचेस्टर येथे रेशीम गिरणी सुरू केली. फुटलेले कोष व तुटका धागा असे टाकाऊ रेशीम पिंजून व कातून त्यापासून कापड बनवण्याची पद्धत त्यांनी अमेरिकेत यशस्वी केली. गिरण्या, कामगारांची घरे, शाळा व सभागृह यांसह त्यांनी वसवलेला परिसर १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित आहे.

पॅटर्सन हे शहर पसेइक नदीवरील धबधब्याच्या शक्तीवर कारखाने चालावेत या हेतूने वसवले गेले. त्यामागे अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा पुढाकार होता. इंग्लंडमधील मॅकल्सफील्डहून आलेल्या जॉन राइल यांनी १८४० च्या सुमारास तेथे रेशमाचे काम सुरू केले. यादवी युद्धाच्या काळात परदेशी रेशमी कापडावरील आयात कर वाढत जाऊन १८६४ साली ६० टक्क्यांपर्यंत पोहोचला आणि देशी गिरण्यांना संरक्षण मिळाले. पुढे पॅटर्सनला ‘रेशीमनगरी’ असे नाव पडले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पॅटर्सनच्या फिनिक्स कंपनीने जकार्ड मागावर विणलेली रेशमी स्मृतिचिन्हे मांडली होती.

उद्योग वाढला तसा तो पेनसिल्व्हेनियाकडेही सरकला. कोळसा खाणींच्या भागात पुरुष खाणीत काम करीत, तर त्यांच्या घरातील स्त्रिया व मुली धाग्याला पीळ देण्याच्या गिरण्यांत कमी मजुरीवर राबत. जपानहून जहाजाने पश्चिम किनाऱ्यावर येणारे मौल्यवान कच्चे रेशीम खास वेगवान आगगाड्यांनी पूर्वेकडे नेले जाई.

१९१३ चा संप

पॅटर्सनमध्ये एका विणकराने दोनऐवजी चार माग सांभाळावेत, अशी पद्धत लादली जाऊ लागल्याने असंतोष वाढला. बेकारी व मजुरीतील घट यांची विणकरांना धास्ती वाटत होती. रंगकामगार वाफेने भरलेल्या ओल्या कारखान्यांत दीर्घकाळ काम करीत. फेब्रुवारी १९१३ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. त्यात सुमारे ३०० गिरण्यांतील सुमारे २५,००० कामगार सामील झाले. आठ तासांचा दिवस ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. बिल हेवूड, एलिझाबेथ गर्ली फ्लिन व कार्लो ट्रेस्का हे संपाचे प्रमुख वक्ते होते.

पॅटर्सनमध्ये सभांवर निर्बंध आल्याने कामगार शेजारच्या हेलडन गावी बोट्टो या विणकर कुटुंबाच्या घरासमोर जमत. ७ जून रोजी संपकऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपल्या लढ्याचे नाट्यरूप सादर केले. जुलैअखेर मागण्या मान्य न होताच संप संपला. बोट्टो यांच्या घरात आज अमेरिकन कामगार संग्रहालय आहे.

संग्रहालये आणि नक्षी

पहिल्या महायुद्धामुळे पॅरिसहून येणाऱ्या नव्या नक्षींचा ओघ मंदावला. तेव्हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने एम. डी. सी. क्रॉफर्ड यांच्या प्रयत्नांतून वस्त्र-आरेखनकारांना आपले संग्रह खुले केले. पेरू व उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या वस्तूंवरून रेशमी कापडाच्या नव्या नक्षी तयार झाल्या. १९१९ साली त्याच संग्रहालयात अशा वस्त्रांचे प्रदर्शन भरले.

पुढील दशकात हा अमेरिकी वळणाचा प्रवाह दृढ झाला. एच. आर. मॅलिन्सन कंपनीने १९२७ साली राष्ट्रीय उद्यानांवर आधारित छापील रेशमांची मालिका काढली. स्टेली कंपनीच्या १९२५–२७ मधील ‘अमेरिकाना’ मालिकेत छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी आगपेट्या, साखरेचे खडे यांसारख्या साध्या वस्तूंच्या छायाचित्रांतून नक्षी साधली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात या मालिकेतील नमुने आहेत. वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मॅलिन्सनसह अनेक उत्पादकांची वस्त्रे आहेत. त्यांतील बरीच उत्पादकांनीच दिली होती. पॅटर्सन संग्रहालयात रेशीम उद्योगातील यंत्रे पाहावयास मिळतात.

कंपन्यांनी संग्रहालयांना दिलेले नमुने हे बहुधा विक्रीयोग्य, निर्दोष व उत्तम कापडाचे होते. ते विणणाऱ्यांची नावे किंवा मजुरी यांचा उल्लेख अशा तुकड्यांवर नसतो. त्यामुळे या उद्योगाचा पूर्ण इतिहास समजण्यासाठी कापडाबरोबर यंत्रे, गिरण्या व कामगारांची घरे यांचाही अभ्यास करावा लागतो.

जतनातील अडचणी

कच्च्या रेशमातील सेरिसिन हा डिंकासारखा घटक धुऊन काढल्यावर रेशमाचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटते. ही घट भरून काढण्यासाठी उत्पादक कापडात कथिलाचे किंवा लोहाचे क्षार मुरवीत. वजनावर रेशीम विकत घेतले जात असल्याने काही वेळा मूळ वजनापेक्षाही जास्त भर घातली जाई. असे कापड जड, भरदार व सळसळते वाटे, परंतु काळाच्या ओघात ते चिरफळत जाते व स्पर्श होताच भुगा होतो. अशा वस्त्रांची झीज थांबवता येत नाही, केवळ मंदावता येते. त्यासाठी ती अंधारात, आम्लरहित कागदावर सपाट ठेवली जातात व अल्पकाळच प्रदर्शित होतात. १९३८ साली फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांनी अशी भर ग्राहकाला कळवणे आवश्यक ठरवले.

ऱ्हास

कृत्रिम रेशमाच्या (रेयॉन) स्पर्धेने व महामंदीने उद्योग खिळखिळा झाला. मे १९४० मध्ये नायलॉनचे मोजे देशभर विक्रीस आले आणि रेशमाचा मोठा ग्राहकवर्ग हातचा गेला. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानशी व्यापार थांबला व शिल्लक कच्चे रेशीम सरकारने लष्करी उपयोगासाठी ताब्यात घेतले. परदेशी धाग्यावर उभा असलेला हा उद्योग युद्धानंतर पूर्ववत झाला नाही. चेनी कंपनी १९५५ साली विकली गेली. पॅटर्सनच्या धबधब्याभोवतीचा गिरण्यांचा परिसर आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.