ब्लॅक फ्रायडे : तीन दिवस आधी मिळालेली खबर आणि दोन वर्षं अडकलेला सिनेमा

९ मार्च १९९३. मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात गुल मोहम्मद नावाच्या तरुणाची चौकशी चालू आहे. दंगलीच्या गुन्ह्यात तो पोलिसांना हवा होता. बोलता बोलता तो वेगळंच काही सांगतो. शहरात मोठे बॉम्बस्फोट होणार आहेत, तयारी झालेली आहे. समोरच्या पोलिसांना ही थाप वाटते. विषय तिथेच संपतो.

अनुराग कश्यप दिग्दर्शित 'ब्लॅक फ्रायडे' हा हिंदी सिनेमा इथून सुरू होतो. दहशतवादी हल्ला रोखण्यावरच्या थरारपटांत खबर उशिरा मिळते आणि नायक शेवटच्या मिनिटाला धावत सुटतो. इथे खबर पहिल्याच प्रसंगात मिळते आणि वाया जाते. उरलेला सगळा सिनेमा त्यानंतरचा आहे. आणि हा प्रसंग पटकथाकाराच्या डोक्यातून आलेला नाही, तो प्रत्यक्षात घडलेला आहे.

खबर नेमकी काय होती?

टायगर मेमनने निवडक तरुणांना दुबईमार्गे पाकिस्तानात शस्त्रं आणि स्फोटकं हाताळायचं प्रशिक्षण घ्यायला पाठवलं होतं. गुल मोहम्मद त्यांच्यापैकी एक. मार्चच्या सुरुवातीला तो मुंबईत परतला, तेव्हा पोलिसांनी त्याच्या भावांना ताब्यात घेतलेलं होतं. त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर झाला. दंगलीतला सहभाग, पाकिस्तानातलं प्रशिक्षण आणि स्फोटांचा कट, असं सगळंच त्याने सांगितलं. ठिकाणंही सांगितली : शेअर बाजार, सहार विमानतळ, दादरचं सेना भवन. तीन दिवसांनी या तिन्ही ठिकाणी किंवा त्यांच्या आसपास हल्ले झाले.

या अटकेचा एक परिणाम मात्र झाला. मूळ बेत एप्रिलमधल्या शिवजयंतीच्या सुमाराचा होता. गिरगाव, लालबाग, परळ भागांत त्या दिवसांत रस्त्यावर किती गर्दी असते, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. आपला माणूस पोलिसांच्या हाती लागल्याचं कळताच टायगर मेमनने तारीख अलीकडे ओढली. दिवस ठरला शुक्रवार, १२ मार्च.

कट अडवण्याची संधी त्याआधीही येऊन गेली होती. शस्त्रं आणि आरडीएक्स रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे समुद्रमार्गे उतरवलं गेलं. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनी पैसे घेऊन माल जाऊ दिला. जानेवारीत तर एका पोलीस पथकाने रस्त्यात गाड्या अडवल्या होत्या आणि सौदा करून सोडून दिल्या होत्या. नेहमीसारखी चांदीची तस्करी असेल, अशी समजूत करून घेणं सोयीचं होतं. यातल्या अनेकांना पुढे टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं.

१२ मार्चची दुपार

दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात पहिला स्फोट झाला. तिथे ८४ जण गेले. पुढच्या दोन तासांत काथा बाजार, सेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचा सेंच्युरी बाजार, माहीमची मच्छीमार वसाहत, नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत, झवेरी बाजार, दादरचं प्लाझा चित्रपटगृह, वांद्रे-जुहू-विमानतळ परिसरातली तीन मोठी हॉटेलं आणि सहार विमानतळ अशी आणखी अकरा ठिकाणं लक्ष्य झाली. माहीम आणि विमानतळावर हातबॉम्ब फेकले गेले, बाकी ठिकाणी स्फोटकं पेरलेली होती. एकूण २५७ मृत्यू आणि ७०० हून अधिक जखमी.

या यादीत दादर-वरळीचा पट्टा वेगळा उठून दिसतो. एकट्या सेंच्युरी बाजारापाशी ११३ माणसं मेली. इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त. भर रस्त्यातला स्फोट, त्यात बेस्टची बसही सापडली. प्लाझामध्ये १० जण आणि पेट्रोल पंपावर ४ जण दगावले. शेअर बाजार किंवा एअर इंडिया यांच्याकडे देशाच्या आर्थिक ताकदीची प्रतीकं म्हणून बघता येतं. प्लाझा आणि सेंच्युरी बाजार ही रोजच्या येण्याजाण्याची ठिकाणं होती.

त्या संध्याकाळी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर बोलताना स्फोटांच्या यादीत मुस्लिमबहुल भागातलं एक ठिकाण जाणूनबुजून वाढवून सांगितलं. हल्ला एकाच समाजावर झाला असं वाटून पुन्हा दंगल पेटू नये, हा त्यामागचा हेतू असल्याचं त्यांनी नंतर स्वतःच उघड केलं. हे बरोबर की चूक, यावर आजही वाद होतो. दंगल मात्र पुन्हा झाली नाही.

दादरची स्कूटर

तपासाचा धागा वरळीतच सापडला. स्फोटांच्या दिवशीच सीमेन्स कंपनीजवळ सोडून दिलेली एक मारुती व्हॅन मिळाली. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. गाडीची नोंदणी मेमन कुटुंबातल्या एका महिलेच्या नावावर होती. त्यावरून पोलीस माहीमच्या 'अल हुसैनी' इमारतीत पोचले. घर बंद होतं, माणसं देशाबाहेर गेलेली होती. घरात एका स्कूटरची किल्ली मिळाली.

१४ मार्चला दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर एक बेवारस स्कूटर आढळली. तिच्यात आरडीएक्स होतं, ते फुटलंच नव्हतं. बॉम्बशोधक पथकाने ती निकामी केली. माहीमच्या घरातली किल्ली या स्कूटरला बसली आणि मेमन कुटुंबाचा कटाशी असलेला संबंध पक्का झाला. कुठल्याही लेखकाने रचलं असतं तर जरा जास्तच जुळवून आणलेलं वाटलं असतं.

तपासाची सूत्रं तेव्हा वाहतूक विभागाचे उपायुक्त असलेल्या राकेश मारिया यांच्याकडे आली. सिनेमात ही भूमिका के. के. मेनन यांनी केली आहे.

सिनेमा काय दाखवतो?

आधार आहे पत्रकार एस. हुसैन झैदी यांच्या २००२ साली आलेल्या 'ब्लॅक फ्रायडे' या पुस्तकाचा. कथा प्रकरणांत विभागलेली आहे आणि काळात पुढेमागे जाते. पवन मल्होत्रा टायगर मेमनच्या भूमिकेत आहेत. कटातला मोहरा आणि नंतर माफीचा साक्षीदार झालेला बादशहा खान आदित्य श्रीवास्तव यांनी उभा केला आहे. 'सीआयडी'तला अभिजीत म्हणून घराघरांत माहीत असलेला हाच तो चेहरा. कवी सौमित्र, म्हणजे किशोर कदम, पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत. याकूब मेमन झालेले इम्तियाज अली पुढे दिग्दर्शक म्हणून गाजले. संगीत 'इंडियन ओशन' या बँडचं आहे.

झोपडपट्टीच्या गल्लीबोळांतून होणारा लांबलचक पाठलाग हा यातला सर्वात चर्चेतला भाग. पळणारा दमतो, पोलीसही दमतात, धापा टाकत थांबतात, पुन्हा पळतात. 'स्लमडॉग मिलेनियर'चे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांनीही या पाठलागाचा प्रभाव मान्य केला आहे.

पण सिनेमाचं खरं बळ दुसरीकडे आहे. कोठडीतली मारहाण, फरार आरोपींच्या नातेवाइकांना आणून बसवणं, बायकांना धमकावणं हे तो झाकत नाही. पुरावे अशाच चौकशीतून बाहेर पडतात आणि मारियाला ते खुपतंही. दुसरीकडे, कटाच्या मुळाशी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली होत्या, हेही तो सांगतो. त्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेल्याचं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे. सूड समजावून सांगताना सिनेमा सूडाची बाजू घेत नाही. हा तोल सांभाळणं सोपं नव्हतं.

मग तो अडकला का?

२००४ मध्ये सिनेमा तयार होता, लोकार्नो महोत्सवात दाखवलाही गेला. भारतातलं प्रदर्शन जानेवारी २००५ मध्ये ठरलं होतं. खटल्यातल्या काही आरोपींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं : टाडा न्यायालयाचा निकाल अजून लागायचा आहे, आणि हा सिनेमा आम्हाला खऱ्या नावांनिशी गुन्हेगार म्हणून दाखवतो. न्यायालयाने निकाल लागेपर्यंत प्रदर्शन रोखलं.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने तेव्हा बरंच बोललं गेलं. ज्या पुस्तकावर सिनेमा बेतला, ते २००२ पासून दुकानांत मिळत होतं, हा मुद्दाही बिनतोड वाटतो. तरीही आरोपींची तक्रार पोकळ नव्हती. सप्टेंबर २००६ पासून न्यायाधीश प्र. द. कोदे यांनी निकाल द्यायला सुरुवात केली. १२३ पैकी १०० जण दोषी ठरले आणि २३ जण निर्दोष सुटले. तेरा वर्षं आरोपी म्हणून जगलेल्या त्या २३ जणांच्या बाजूने पाहिलं, तर निकालाआधी पडदा उघडू नये ही मागणी वेगळी दिसते.

अखेर ९ फेब्रुवारी २००७ रोजी, शुक्रवारीच, 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटगृहांत लागला. कश्यप यांचा आधीचा 'पाँच' अडकलेलाच असल्याने दिग्दर्शक म्हणून त्यांचा प्रेक्षकांपर्यंत पोचलेला हा पहिला सिनेमा ठरला. टाडा न्यायालयाचं शिक्षा सुनावण्याचं काम त्यानंतर जुलैपर्यंत चाललं. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूर मध्यवर्ती कारागृहात फाशी देण्यात आली. टायगर मेमन अजून फरार आहे.