लिथॉप्स : वर्गीकरणाचा इतिहास

लिथॉप्स : (जिवंत दगड, कुल-ऐझोएसी). दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील शुष्क प्रदेशांत आढळणाऱ्या लहान मांसल वनस्पतींची प्रजाती. हिच्यात सु. ३७ जाती आहेत. ग्रीक भाषेतील ‘दगड’ व ‘चेहरा’ या अर्थांच्या शब्दांवरून हे नाव बनले आहे.

या गटाचा वैज्ञानिक इतिहास मेसेम्ब्रिअँथेमम या नावापासून सुरू होतो. याकोप ब्राइन यांनी १६८४ मध्ये वापरलेल्या मूळ नावाचा अर्थ ‘मध्यान्ही फुलणारे फूल’ असा होता. काही जाती रात्रीही फुलतात असे कळल्यावर योहान डिलेनिअस यांनी एक अक्षर बदलून त्याला बीजाच्या स्थानाशी निगडित असा निराळा अर्थ दिला. पुढे लिनीअस यांनी १७५३ मध्ये हे नाव स्वीकारले आणि त्याखाली परस्परांहून फार भिन्न वनस्पती एकत्र येत गेल्या.

विल्यम बर्चेल यांना १८११ मध्ये प्रीस्का या ठिकाणाजवळ दगड समजून उचललेली वस्तू वनस्पती असल्याचे आढळले. त्यांच्या नोंदीवरून एड्रियन हॅवर्थ यांनी १८२१ मध्ये तिचे मेसेम्ब्रिअँथेमम टर्बिनिफॉर्मी असे नामकरण केले. तथापि ताडून पाहण्यासाठी जतन केलेला नमुना नसल्याने हे नाव नेमके कोणत्या वनस्पतीचे, हा संदेह राहिला. आज त्या प्रदेशातील जातीस लिथॉप्स हुकेरी म्हणतात. नाव टिकते ते त्यामागील पुराव्याच्या बळावर, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

एन. ई. ब्राउन यांनी १९२२ मध्ये लिथॉप्स ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. तिच्या प्रत्येक शरीरात समोरासमोरील दोन पाने जुळून उलट्या शंकूसारखा आकार होतो. पानांच्या सपाट माथ्यावरील अर्धपारदर्शक भागातून प्रकाश आत शिरतो व आतील हिरव्या ऊतकापर्यंत पोहोचतो. दोन्ही पानांमधील फटीतून पिवळे किंवा पांढरे फूल येते. नवीन जोडी वाढताना जुन्या पानांतील पाणी शोषून घेते व ती पाने सुकतात. फळ (बोंड) भिजल्यावरच उघडते आणि पावसाच्या थेंबांनी बी उडते. त्यामुळे बी पडते तेव्हा जमीन ओली असते.

एकाच जातीत रंग व नक्षी स्थानपरत्वे बदलत असल्याने केवळ बाह्यरूपावरून जाती ओळखणे कठीण जाते. बांटू भाषांचे अभ्यासक डेझमंड कोल यांनी पत्नी नॉरीन यांच्यासह सु. ४०० ठिकाणच्या वनस्पती नोंदविल्या. त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासात मूळ ठिकाणाची नोंद हा प्रमुख आधार असतो. परंतु तीच नोंद चोरट्या संग्राहकांनाही मार्गदर्शक ठरते. दक्षिण आफ्रिकेत २०१९ नंतर मांसल वनस्पतींची, विशेषतः याच कुलातील कोनोफायटम प्रजातीची, चोरटी उचल फार वाढली. परिणामी जी माहिती जातीची ओळख पक्की करते, तीच तिच्या रक्षणासाठी गुप्त ठेवण्याची वेळ अभ्यासकांवर येते.