मायना : मराठी सौजन्याची दुर्लक्षित संहिता

मराठेशाहीतील पत्रांचे छापील संग्रह चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवते. पत्राच्या आरंभीचा मायना पुष्कळदा संक्षेपाने दिलेला असतो. काही ठिकाणी तो अजिबात गाळलेला असतो. तह, स्वाऱ्या, कर्जे आणि वसुली यांच्या शोधात असलेल्या इतिहासकाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ ही शब्दावळ निरुपयोगी वाटावी, हे समजण्यासारखे आहे. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही मायन्याला ‘कोरा उपचार’ म्हणून बाजूस सारले, याचे समर्थन करणे कठीण आहे. पत्रातील मजकूर काय घडले ते सांगतो. कोण कोणाशी कोणत्या अधिकाराने बोलत आहे, हे मात्र मायनाच ठरवितो.

हा उपचार यदृच्छेने घडलेला नव्हता. पत्रलेखनाची पद्धती सांगणारी मेस्तके आपल्याकडे होती आणि त्यांचा आरंभ परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यापर्यंत, म्हणजे तेराव्या शतकापर्यंत नेला जातो. पुढे या लेखनपद्धतीवर फार्सीचे संस्कार झाले. शिवकालात राज्यव्यवहारकोशाच्या द्वारे फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा उद्योग झाला, तरी एकाच कागदावर अरबी शुहूर सन, ‘मोर्तब सुद’ हा फार्सी शेरा आणि ‘लेखनसीमा’ ही संस्कृत मुद्रा सुखाने नांदताना दिसतात. भाषाशुद्धीच्या अभिनिवेशाने या कागदांकडे पाहणाऱ्यांची त्यामुळे थोडी पंचाईत होते.

मायन्यातील अभिवादनाचे व्याकरण काटेकोर होते. ब्राह्मणाने ब्राह्मणास ‘नमस्कार’ लिहावयाचा, इतरांस ‘आशीर्वाद’. इतरांनी ब्राह्मणास ‘दंडवत’ लिहावयाचा. मराठा सरदारांत परस्परांना ‘रामराम’. महारांच्या वाट्याला ‘जोहार’. कुटुंबात हीच रचना वयाच्या आधारे उभी राहते. वडिलांस ‘तीर्थरूप’ व ‘साष्टांग नमस्कार’, धाकट्यास ‘चिरंजीव’ व ‘आशीर्वाद’. ‘आशीर्वाद’ हा शब्द दोन्ही ठिकाणी एकच आहे, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. घरातला चिरंजीव कालांतराने स्वतः आशीर्वाद देणारा होतो; वयाची पायरी प्रत्येकाला चढता येते. पेशव्यांचा आशीर्वाद घेणारा सरदार मात्र, वयाने कितीही वडील असला तरी, त्या पायरीवर कधीच येत नाही. जातीच्या उतरंडीने कुटुंबातील जिव्हाळ्याचा शब्द उसना घेतला आणि त्यातील काळाचे तत्त्व तेवढे काढून टाकले.

मालिनोव्स्की याने १९२३ साली अशा औपचारिक बोलण्याची मीमांसा केली. कुशल विचारणे, हवापाण्याविषयी बोलणे यांतून माहिती दिली जात नाही, माणसे केवळ एकमेकांशी जोडली जातात, असा त्याचा आशय. रोमान याकोबसनने १९६० मध्ये भाषेच्या कार्यांत त्याला स्थान दिले आणि आपल्याकडील भाषाविज्ञानाच्या वर्गांतून ती कल्पना रूढ झाली. मराठीचा पुरावा पाहिला की ही मीमांसा अपुरी वाटू लागते. अभिवादन माणसांना जोडते हे खरे. पण कोणाला कोणाशी जोडावयाचे नाही, हेही तेच सांगते.

मुंबईतील १७७९ सालचे प्रकरण या दृष्टीने निर्णायक आहे. स्वतःला ब्राह्मण म्हणविणाऱ्या दैवज्ञ सोनारांनी ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरण्यास ब्राह्मणांनी हरकत घेतली. तक्रारी वाढल्या, पेशव्यांकडूनही मुंबईच्या गव्हर्नरास वारंवार पत्रे गेली आणि अखेर कंपनी सरकारने ठराव करून सोनारांना नमस्कार करण्याची मनाई केली. मोडल्यास कठोर शिक्षेची धमकी दिली. वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगाव येथे कंपनीच्या फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले होते आणि युद्ध अद्याप संपलेले नव्हते. या बाबीत कंपनीचे हित गुंतलेले नाही, म्हणून हा निर्णय पेशव्यांप्रती सौजन्य म्हणून त्यांस कळवावा, असा त्या ठरावाचा सूर आहे. दोन सत्तांमधील सौजन्याची किंमत एका जातीच्या सौजन्याने चुकती केली गेली! चार अक्षरी शब्दासाठी दोन सरकारांचा पत्रव्यवहार व्हावा आणि आपण त्याला कोरा उपचार म्हणावे, हे विसंगत आहे.

‘जोहार’ची कथा याहून दीर्घ आहे. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाची नोंद महारादिकांचे अभिवादन म्हणून आहे. पण त्या आधीच तो काव्यात आला होता. चोखामेळ्याच्या नावावरील ‘जोहार’ आणि एकनाथांची महाराच्या मुखातून बोलणारी भारुडे यांत या शब्दाचा उपयोग विलक्षण रीतीने होतो. जोहार घालून झाला की महाराला बोलण्याची मुभा मिळते आणि मग तो धन्यालाच हिशेब विचारू लागतो. ही अभिवादनाच्या आडोशाने केलेली टीका आहे. तथापि आडोसा अखेर आडोसाच असतो. जोहार घेणारा उलट जोहार घालीत नाही, हा मूळ नियम भारुडाने मोडलेला नाही.

तो नियम विसाव्या शतकात मोडला. ‘जय भीम’ या अभिवादनाच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. त्याच्या आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याच्या रचनेकडे लक्ष वेधावयाचे आहे. ‘जय भीम’चे उत्तर ‘जय भीम’ हेच असते. वय, हुद्दा, लिंग यांनुसार त्यात फेरफार होत नाही. महानुभावांचा ‘दंडवत प्रणाम’ किंवा वारकऱ्यांचे एकमेकांच्या पायांवर डोके ठेवणे यांतही अशी परस्परता होती. पण ती पंथाच्या मेळ्यापुरती राहिली, गावच्या चावडीवर पोहोचली नाही. दलित आत्मकथनांचा अभ्यास करताना पात्रांच्या भाषेची चर्चा होते, परंतु कोण कोणाला कोणते अभिवादन करतो, याची साधी नोंदही आपले प्रबंध करीत नाहीत. जाता जाता हेही सांगावयास हवे की, झारखंडातील आदिवासींनी ‘जोहार’ हाच शब्द अस्मितेचा म्हणून अभिमानाने जपला आहे. शब्दात अवमान कायमचा मुरलेला नसतो.

छापखाना आणि टपाल यांनी मायन्याचे रूप पालटले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले. संक्षेप मोडी लेखनातही होतेच. पण कार्डावरच्या तोकड्या जागेत ‘सा. न. वि. वि.’, ‘लो. अ.’ यांसारखी लघुरूपे घरोघर पोहोचली. राजाला मान्य असलेल्यांसाठीचे ‘राजमान्य राजश्री’ हे विशेषण ‘रा. रा.’ होऊन कोणाही कारकुनाच्या नावाआधी लागू लागले, आणि राजेच उरले नाहीत तेव्हा ‘श्री.’ने त्याची जागा घेतली. पुरुषांच्या बाबतीत हा प्रवास समतेकडे झाला, असे म्हणता येईल.

स्त्रियांच्या बाबतीत तो झाला नाही. ‘वज्रचूडेमंडित’ गेले, ‘सौ.’ राहिले, आणि ‘सौ.’च्या पलीकडे ‘गं. भा.’ राहिले. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी ‘गंगा भागीरथी’ लावण्याविषयीची सूचना महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्यात चर्चेसाठी पुढे आली, तेव्हा तिचा हेतू सन्मानाचा असल्याचे सांगितले गेले. विरोध झाला, आणि तो ‘हे संबोधन जुनाट आहे’ एवढ्यापुरताच नव्हता. गंगा व भागीरथी या नावांच्या पावित्र्याबद्दल वाद घालण्याचे कारणच नाही. पत्नी वारल्याची वार्ता ज्याच्या नावाआधीच्या दोन अक्षरांत द्यावी, असा एकही पुरुष मराठी मायन्याने कधी कल्पिलेला नाही.