लिलाव झाला, ताबा कधी?

बँकेनं लिलावात काढलेलं घर घेतलं, पैसे भरले, तरी किल्ली हाती यायला महिनोन्‌महिने जातात. चांदूर बाजार, अचलपूर भागात असा खरेदीदार कचेऱ्यांच्या ढिलाईला बोल लावतो. ढिलाई असतेच; पण या दिवसांपैकी बरेचसे कायद्यानं कर्जदारासाठी मुद्दाम राखून ठेवले आहेत. ते का राखावे लागले, हे वऱ्हाडात फार स्पष्ट दिसतं.

1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. पुढच्या दशकात रयतवारी पद्धतीनं मोजणी सुरू झाली, जमीन खातेदाराच्या नावावर लागली आणि ती विकता, गहाण ठेवता येऊ लागली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली. 1861 ते 1865 या काळात वऱ्हाडी कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि सावकाराची थैली सैल झाली. युद्ध संपलं, भाव कोसळले, गहाणखतं मात्र तशीच राहिली.

गाडगेबाबांचं बालपण या गहाणखतांच्या सावलीत गेलं. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला त्यांच्या मामांची, चंद्रभानजींची शेती सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्यानं मामा गेले. सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा तरुण डेबूनं, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांनी, औत सोडलं नाही. सावकारालाच माघारी फिरावं लागलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ही हकीकत घरोघरी पोचली. दस्त सावकाराच्या हाती होता, शेत मात्र कसणाऱ्याच्या.

दस्त आणि ताबा यांतलं हे अंतर कोर्टाच्या लिलावातही असे; तो टप्प्याटप्प्यानं चाले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची रीत बारकाईनं लिहिलेली आहे. बेलीफ गावात येई, दवंडी पिटली जाई, जप्तीचा हुकूम घराच्या दर्शनी भागावर चिकटे. बोली सुटली की रुपयातले चार आणे जागेवर आणि बाकीचे पंधरा दिवसांत. पण एवढ्यानं घर आपलं होत नसे. डिक्रीची रक्कम आणि खरेदीदाराला भरपाई म्हणून किमतीच्या 5 टक्के जादा भरून घरमालकाला तीस दिवसांत लिलाव मोडता येई. ही सोय संहितेच्याही आधीची, 1894 पासूनची. आज मुदत साठ दिवसांची आहे. त्यानंतर विक्री कायम होते, दाखला मिळतो आणि ताब्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शेतकरी स्वतः राहत असेल ते घर साध्या पैशाच्या डिक्रीत जप्तच करता येत नाही, हेही त्याच संहितेत आहे. कापसाच्या मुलखात या एका कलमानं किती चुली पेटत्या ठेवल्या असतील!

1933 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा आला. त्यामागे पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. लिलावाआधी सावकार आणि कुळाला समोरासमोर बसवून तडजोड घडवायची, हा त्याचा गाभा.

बँकेच्या लिलावाची रीत वेगळी. 2002 च्या सरफेसी कायद्यानं तिला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकण्याची मुभा दिली. शेतजमीन त्यातून वगळली, घर नाही. आधी साठ दिवसांची नोटीस, मग विक्रीची तीस दिवसांची. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांची मदत लागली, तर 2016 च्या दुरुस्तीनुसार हुकूम तीस, फार तर साठ दिवसांत निघायला हवा. कर्जदाराला मात्र नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात आणि पुढे मुंबईच्या अपील न्यायाधिकरणात जाण्याची वाट मोकळी असते.

मोठ्या गिऱ्हाइकालाही हे थांबणं चुकत नाही. बाफना मोटर्स या कर्जदार कंपनीच्या गहाण मालमत्तेसाठी सेलिर कंपनीनं 2023 मध्ये 105 कोटींवर बोली लावली. लिलावानंतर कर्जदारानं कर्ज फेडायची तयारी दाखवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: लिलावाची जाहिरात निघाली की सोडवणुकीचा हक्क संपतो. तरी ताब्यासाठी खरेदीदाराला अवमान याचिका करावी लागली आणि त्यावरचा हुकूम डिसेंबर 2024 मध्ये आला.

म्हणून बोली लावण्याआधी त्या घरापाशी स्वतः जाऊन या. आत कोण राहतं ते पाहा, बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता कागदोपत्री ते लेखी घ्या, नागपुरात अर्ज पडून आहे का ते विचारा आणि नगरपरिषदेच्या कराची, विजेच्या बिलाची थकबाकी काढून घ्या.