बत्तीस एकर निवडुंगाचा हिशोब

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्यात छोट्या, वाढू पाहणाऱ्या उद्योगांनी दर तिमाहीला स्वतःची माहिती भरायची असते. रोजगार किती दिले, त्यात बायका किती, उलाढाल किती वाढली, पाणी आणि वीज किती लागली, कचऱ्याचं काय केलं. ही माहिती पैसे गुंतवणाऱ्यांकडे जाते. त्यांना नफ्याच्या जोडीला समाजाचं आणि निसर्गाचं काय झालं हेही बघायचं असतं. जॉन एल्किंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९९४ मध्ये या तिहेरी ताळेबंदाला नाव दिलं. पुढे त्यासाठी निर्देशकांच्या जाडजूड याद्या तयार झाल्या, आणि आमचा फॉर्म त्याच याद्यांवरून बेतलेला आहे.

या कामाची एक खोड लागते. कुठलाही कारखाना दिसला की मनातल्या मनात त्याचा फॉर्म भरला जातो. पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं, त्याचं जुनं नाव कुंडल रोड. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. औंध म्हणजे सलग प्रदेश नव्हताच. आजच्या सातारा-सांगलीत विखुरलेली सत्तरेक गावं, सगळं मिळून पाचेकशे चौरस मैल. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं किर्लोस्करांच्या इतिहासात सांगितलं जातं. जरा धंदा बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या आखणीसाठी जागा सोडायला सांगितलं. तेव्हा औंधच्या गादीवर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच, म्हणजे १९०९ मध्ये, आले होते. त्यांनी जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोडजवळचा बत्तीस एकरांचा माळ घेतला. निवडुंग माजलेला, नागांचा सुळसुळाट. १९१० मध्ये पंचवीस कामगार बायकापोरांसह तिथे राहायला गेले.

आता फॉर्म भरू.

आर्थिक भाग पहिल्याच पानावर अडकतो. ज्या उत्पादनावर सगळी भिस्त, ते आठ तिमाही विकलं जात नाही. आमच्याकडे अशा नावापुढे लाल ठिपका येतो आणि तो बघून पुढचा हप्ता थांबतो. त्यात हा उद्योग भर धंद्यात एका गावातून उठून माळावर आलेला, शेजारी बाजारपेठ नाही. मी स्वतः लिहिलेल्या सूत्रात हे आकडे घालून पाहिले. शंभरपैकी एकोणीस गुण आले.

सामाजिक भागात मात्र गंमत आहे. ‘रोजगार : २५’ लिहिलं की रकाना संपला. पण ते पंचवीस कोण होते? शाळा सोडलेली, परीक्षेत नापास झालेली काही माणसं वाडीत पुढे इंजिनियर आणि मॅनेजर झाली. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी दरोड्यासाठी शिक्षा भोगलेली माणसं ठेवली आणि ती भरवशाची निघाली. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. आमच्या फॉर्ममध्ये दरोडेखोर राखणदाराची नोंद दोनदा होईल : ‘वंचितांना संधी’ इथे अधिक गुण, आणि ‘सुरक्षेची जोखीम’ इथे उणे. बेरीज शून्य. म्हणजे जणू तो माणूस तिथे नव्हताच.

हे जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या फाउंड्रीचा फॉर्म मध्यंतरी माझ्यासमोर आला. वर्षभरात कामगार चौदावरून अकरावर आले होते, म्हणून लाल ठिपका. आमच्याकडे ‘इतर’ नावाचा एक मोकळा रकाना आहे. त्याची बेरीज करता येत नाही म्हणून तो कुणी वाचत नाही. मालकाने त्यात लिहिलं होतं : ‘तीन पोरं काम शिकून गेली. तिघांनी मिळून विट्याला स्वतःचं वर्कशॉप काढलं. चांगली पोरं.’ याच माणसाचा पुढचा हप्ता अडलाय आणि त्याच सुमाराला ‘इतर’ रकाना काढून टाकायचा प्रस्ताव आलाय, कारण त्यामुळे पान लांबतं. मी विरोधात लिहिलं आहे. निर्णय व्हायचाय.

मोजूच नये, असं मला अजिबात वाटत नाही. मोजण्याची परंपरा इथलीच आहे आणि चांगली दणकट आहे. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरटी पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी केली, ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याच्या पाण्यावरची शेती आणि जिराईत शेती शेजारी ठेवून फरक काढायचा, आणि पाण्याचे थेट फायदे वेगळे, आडून होणारे फायदे वेगळे मोजायचे, ही त्यामागची रीत. आज ज्याला आम्ही भारदस्त नावं देतो ते मुळात हेच. प्रश्न एकच : हे झालं नसतं तर काय असतं?

किर्लोस्करवाडीला हा प्रश्न लावायचा तर शेजारी ठेवायला गाव कुठलं घ्यायचं? कुंडल घ्यावं, तर कुंडल पुढे प्रतिसरकारचं ठाणं झालं. त्याचं श्रेय नांगराच्या कारखान्याला दिलं तर नाना पाटलांचे लोक हसतील. औंध घ्यावं, तर तिथे राजाची शाळा. साने गुरुजी, गदिमा, शंकरराव खरात औंधला शिकले. (गदिमा मॅट्रिकला गणितात नापास. ‘शैक्षणिक फलनिष्पत्ती’च्या रकान्यात त्यांचाही लाल ठिपका.) कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तर तुलनेला दुसरा कारखानाच उभा : ओगल्यांचा काचेचा, १९१६ चा. त्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात किती पोरांनी अभ्यास केला, हे कुणी मोजलेलं नाही. वीज गावोगाव गेली, कंदिलाचा जमाना सरला, कारखाना बंद पडला. फॉर्ममध्ये फक्त ‘बंद’ एवढंच राहील.

भवानरावांकडे असा फॉर्म असता तर, असा विचार करताना मला दुसरंच काही दिसतं. पैसे देणारा, जमीन देणारा, महसूल घेणारा आणि रयतेची गाऱ्हाणी ऐकणारा माणूस एकच होता. कुंडलचा शेतकरी नांगराबद्दल काय म्हणतो हे कानावर यायला त्याला अहवालाची गरज नव्हती. आमचा गुंतवणूकदार हजारो मैलांवर बसतो. फॉर्म ही त्या अंतराची भरपाई आहे आणि भरपाई म्हणून ती ठीकच आहे. पण राजाचं जवळ असणंही मर्जीवर अवलंबून होतं. मर्जी फिरली असती तर बत्तीस एकरही गेले असते. भवानरावांनाही हे उमगलं असावं, नाहीतर १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली नसती. कर्जाच्या आकड्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. उद्योगाबद्दल विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्याकडून गावाकडे सरकला. आमच्या फॉर्ममध्ये मात्र अजून नांगर विकत घेणाऱ्याला एकही रकाना नाही.

उरला निसर्ग. इथे फॉर्म सुरुवातीला फारच उदार होतो. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूर दरबाराच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केले गेले. ‘पुनर्वापरातला धातू’ या रकान्यात पैकीच्या पैकी! भट्टीला लागणारं पाणी थोडंच. पण आमची मोजणी कारखान्याच्या फाटकाशी थांबते. १९२६ मध्ये याच वाडीत पंप तयार झाला. त्या पंपाने आणि नंतर बाकी कंपन्यांच्या पंपांनी, पुढे डिझेल इंजिनांनी आणि विजेने किती पाणी उपसलं, हे फाटकाबाहेरचं. कार्बनच्या हिशोबात विकलेल्या मालाच्या वापरातून होणाऱ्या परिणामाला ‘स्कोप तीन’ म्हणतात. तो मोजायला सगळ्यात अवघड असतो म्हणून सगळ्यात आधी गाळला जातो.

मोटेवर बैल थकले की उपसा थांबायचा. पंप थकत नाही. त्याने एका पिढीची मोटेची मेहनत संपवली, जिराईत रानात मळा उभा केला, पोरं शाळेत घातली. त्याच उपशाने पुढे कृष्णाकाठी ऊस पसरला, आणि खटाव-आटपाडीकडे विहिरींच्या तळाशी खडक दिसू लागला. यात पंप करणाऱ्याचा दोष किती, ऊस लावणाऱ्याचा किती, विजेचा दर ठरवणाऱ्याचा किती, याची वाटणी करणारं सूत्र माझ्यापाशी नाही. वाटणी न करता सगळं शून्य धरणं मात्र सोपं आहे आणि आम्ही तेच करतो, कारण तिमाही तीन महिन्यांची असते आणि विहिरीचा तळ दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीचा कारखाना जाळला गेला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. कारखाना पुन्हा उभा राहिला, संस्थान नाही. लक्ष्मणराव १९५६ मध्ये वारले. तेव्हा आटपाडीकडे बोअरच्या गाड्या यायला अजून बराच अवकाश होता.