पत्रं जपली म्हणून इतिहास उरला



मी गिरणीत पाळीवर काम करणारा माणूस, शाळा नववीपर्यंतच. पण वाचनाचा नाद लागला, आणि त्यात पत्रांचा जास्त. भाषण हजारो लोकांसाठी असतं, पत्र एकासाठी लिहिलेलं असतं. बाबासाहेबांनी एखादा निर्णय का घेतला, त्या वेळी त्यांची काय अडचण होती, हे पत्रात जसं कळतं तसं दुसरीकडे कळत नाही. सप्टेंबर 1921 मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड कर्जाऊ मागितले. एवढा मोठा विद्वान, पण परदेशात पैशाविना अडलेला. हे वाचलं की आपल्या पोरांना फीसाठी होणारी ओढाताण वेगळ्या नजरेनं दिसते.

पत्राची एक गंमत आहे. ते लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ज्याला लिहिलं त्याच्या घरी जातं. म्हणजे थोर माणसाची पत्रं टिकायची की नाही, हे दुसऱ्याच कोणाच्या तरी पेटीवर ठरतं.

सावित्रीबाईंचंच बघा. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात 1988 साली छापली गेली. पहिलं 1856 चं, दुसरं 1868 चं, दोन्ही नायगावहून. तिसरं 20 एप्रिल 1877 चं, आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून. तेव्हा मोठा दुष्काळ होता. सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडलं, तेव्हा बाईंनी कलेक्टरसमोर त्यांची बाजू मांडली, हे त्यात आहे. 1868 च्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांची हकीकत आहे. ती गरोदर. गावकरी दोघांना मारायला निघालेले. बाईंनी इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांना वाचवलं आणि जोतीरावांकडे पाठवून दिलं. ही पत्रं नसती तर सारजाचं नाव कोणाला ठाऊक झालं असतं? सावित्रीबाई म्हणजे शाळा, इतकंच आपण सांगत बसलो असतो.

दुसरं घर नाशिकचं, दादासाहेब गायकवाडांचं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. दादासाहेब त्यातले प्रमुख. 3 मार्च 1934 ला बाबासाहेबांनी त्यांना इंग्रजीत पत्र लिहून कळवलं की, आता हा सत्याग्रह पुढे चालवू नये. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, लोकांत चैतन्य यावं म्हणून होता. आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावावी, असा त्याचा आशय आहे. दीड वर्षानं, 13 ऑक्टोबर 1935 ला, येवल्याची घोषणा झाली. लोक म्हणतात घोषणा अचानक केली. पत्र वाचा म्हणजे कळेल, मन आधीच तयार होत होतं. चांगदेव खैरमोडे यांनी सरकारी नोकरी सांभाळून बाबासाहेबांचं चरित्र लिहायला घेतलं, पहिला खंड 1952 चा. पुढे बारा खंड झाले. त्यांनी कागद न कागद गोळा केला, तशा माणसांमुळे आज आपण हे बोलतो.

आणि हेळसांडीचंही सांगितलं पाहिजे. दिल्लीच्या 26, अलीपूर रोडवर बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. जानेवारी 1967 मध्ये ते घर रिकामं करून घेताना त्यांचे कागद बाहेर टाकले गेले आणि रात्रीच्या पावसात भिजले. घटनाकाराचे कागद! उरलेले बरीच वर्षं सरकारी ताब्यात पडून राहिले. ते छापून लोकांपुढे यावेत म्हणून नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी कोर्टात दाद मागितली. महाराष्ट्र शासनाची समिती झाली, आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड 14 एप्रिल 1979 ला निघाला. पत्रव्यवहार मात्र 21 व्या खंडात आला, 2006 साली. मून साहेब 2002 मध्येच गेले होते.

आता अमेरिकेची रीत बघा. 1946 च्या जुलैत बाबासाहेबांनी तिथले काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. त्यांच्या लोकांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. डुबॉइस यांनी 31 जुलैला उत्तर दिलं. आलेलं पत्र आणि दिलेलं उत्तर, दोन्ही आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत. उत्तराची नक्कल ठेवायची, ही त्या माणसाची शिस्त. आपण मंडळाच्या पत्राची नक्कल ठेवतो का? फार झालं तर पावतीपुस्तकाचं अर्धुक.

आपलं थेरगाव तर या इतिहासाच्या शेजारी आहे. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगावला त्यांचा बंगला. आपल्यातली कित्येक घरं सोलापूर, लातूर, धाराशिवकडून कारखान्यांत पोटासाठी आली, सोबत एक पत्र्याची पेटी घेऊन. आता पत्र्याच्या खोल्या जाऊन इमारती होताहेत, आणि सामान हलवताना ती पेटी पहिली भंगारात जाते. आत काय आहे ते उघडून तरी बघा. समता सैनिक दलाची पावती, धम्मदीक्षेच्या वेळचं आमंत्रण, मोर्चात तुरुंगात गेलेल्या आजोबांचं घरी आलेलं कार्ड, काहीही असू शकतं.

सापडलं तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, त्यानं कागद खराब होतो. साध्या कोऱ्या पाकिटात सपाट ठेवा. कोणी कोणाला लिहिलं, हे म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या, विहाराला झेरॉक्स द्या. मोबाईलवर फोटो काढला तर मागची बाजूही काढा. पत्ता आणि पोस्टाचा शिक्का बहुतेक वेळा तिथंच असतो.